क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत नेमकी केव्हा तुटते?

रोजमेळ | १८ ऑगस्ट

माझा भाचा पिंपरीत नोकरी करतो. परवा तो क्रेडिट कार्डाचे बिल घेऊन माझ्याकडे आला आणि बँकेची काहीतरी चूक झालेली आहे, एक कडक पत्र लिहून द्या, असे म्हणाला. मी आयुष्यभर हिशेबाचे काम केले असल्यामुळे पत्र लिहिण्याआधी आकडेमोड करून पाहिली. बँकेचा हिशेब बरोबर होता, चूक भाच्याच्या समजुतीत होती, आणि ती समजूत इतकी सार्वत्रिक आहे की येथे सविस्तर लिहावे असे वाटले.

त्याच्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि ते भरण्याची शेवटची तारीख त्यानंतर २० दिवसांनी येते. १५ जुलैच्या बिलात दोन खर्च होते: २० जूनला घेतलेला ३०,००० रुपयांचा फ्रिज आणि ५ जुलैला काढलेली १०,००० रुपयांची प्रवासाची तिकिटे. एकूण ४०,००० रुपये ४ ऑगस्टपर्यंत भरायचे होते. त्या दिवशी खात्यात थोडी ओढाताण होती म्हणून त्याने ३६,००० भरले आणि उरलेले ४,००० पुढच्या पगारावर ठेवले. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के आहे हे त्याला माहीत होते, म्हणून त्याने मनात १४० रुपयांची तयारी ठेवली होती. १५ ऑगस्टच्या बिलात व्याजाचे २,२३९ आणि त्यावरील जीएसटीचे ४०३, असे एकूण २,६४२ रुपये लागले.

हा आकडा कसा आला ते पाहू. पूर्ण रक्कम भरली असती तर व्याज शून्य होते. पूर्ण रक्कम न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत, म्हणजे खरेदीपासून बिल भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतचे बिनव्याजाचे दिवस, मागे घेतली गेली, आणि ती केवळ उरलेल्या चार हजारांपुरती नव्हे तर त्या बिलातील सगळ्या खर्चांवरून, खरेदीच्या तारखेपासून मागे घेतली गेली. वार्षिक ४२ टक्क्यांनी फ्रिजच्या ३०,००० वर २० जून ते ४ ऑगस्ट या ४५ दिवसांचे व्याज १,५५३ रुपये झाले, तिकिटांच्या १०,००० वर ३० दिवसांचे ३४५ रुपये झाले, आणि उरलेल्या ४,००० वर १५ ऑगस्टपर्यंतच्या ११ दिवसांचे जेमतेम ५१ रुपये झाले. शिवाय २५ जुलैला त्याने १२,००० रुपयांचे टायर घेतले होते. जुनी बाकी राहिल्यामुळे या नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळाले नाहीत आणि तिच्यावर पहिल्या दिवसापासून २९० रुपये लागले.

म्हणजे ज्या चार हजारांची त्याला काळजी होती त्यांचे व्याज या सगळ्यात सर्वांत किरकोळ आहे. त्याने वेळेवर आणि प्रामाणिकपणे भरलेले ३६,००० रुपयेच त्याला जास्त महाग पडले.

‘पन्नास दिवस बिनव्याजी’ या जाहिरातीतील दुसरी अर्धवट गोष्ट म्हणजे ते पन्नास दिवस प्रत्येक खरेदीला मिळत नाहीत. १६ जूनला केलेली खरेदी १५ जुलैच्या बिलात येते आणि ४ ऑगस्टला भरायची असते, म्हणून तिला ४९ दिवस मिळतात. तीच खरेदी १५ जुलैला, म्हणजे बिल निघण्याच्या दिवशी केली तर फक्त २० दिवस मिळतात. मोठी वस्तू घ्यायचीच असेल तर बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी, ही हिशेबातली साधी गोष्ट आहे आणि तिच्यात काही गैर नाही.

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांत कार्ड देणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेले आहे की, मागील बिलातील काहीही बाकी राहिल्यास बिनव्याजी मुदत जाते ही बाब उदाहरणासह ग्राहकाला समजावून दिली पाहिजे. कार्डाबरोबर बारीक अक्षरांत छापलेले जे नियमपत्र येते, त्यात हे उदाहरण असते. भाच्याच्या पाकिटातही ते होते, आणि पाकीट अद्याप घडी न मोडता तसेच होते. आपापल्या कार्डाच्या नियमपत्रातील तेवढे एक उदाहरण सर्वांनी वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण व्याजाचा दर आणि मोजणीचे तपशील बँकेगणिक थोडे बदलतात.

---

मोहर | १८ ऑगस्ट

रोजमेळ, आपला धागा वाचून मी माझे बिल उघडले आणि बराच वेळ तसेच पाहत बसले. माझी पुण्यातली पहिली नोकरी आहे. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये घराची अनामत रक्कम, गादी, लॅपटॉप असे सगळे एकदम आले आणि १५ मार्चच्या बिलात ५०,००० रुपये झाले. तेव्हापासून प्रत्येक महिन्यात बिलावर ‘मिनिमम ड्यू’ म्हणून जी रक्कम लिहिलेली असते ती मी न चुकता, तारखेच्या आत भरत आले आहे. पाच महिन्यांत मिळून बारा हजारांहून अधिक भरले. या काळात कार्डावर नवीन काहीही घेतले नाही. तरीही १५ ऑगस्टच्या बिलात बाकी ४७,५०० रुपये दिसते आहे. बँकेकडून एकही तक्रारीचा फोन आलेला नाही, उलट लिमिट वाढवून देण्याचा संदेश आला. मी नक्की कोठे चुकले हे मला समजावून सांगाल का?

---

रोजमेळ | १९ ऑगस्ट

मोहर, तुम्ही एकही तारीख चुकवली नाही, नवी खरेदी थांबवली आणि आकडे मोकळेपणाने मांडले, हे सर्व योग्यच केले. चूक एवढीच की किमान रक्कम (मिनिमम ड्यू) म्हणजे ‘या महिन्याचा हप्ता’ असे तुम्ही समजलात. किमान रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते आणि पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासात, थकबाकीची नोंद होत नाही. व्याज मात्र एक दिवसही थांबत नाही.

महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मिळून महिन्याला ४.१३ टक्के होतात. ५०,००० रुपये महिनाभर बाकी राहिले तर त्यावर २,०६५ रुपये लागतात. किमान रक्कम साधारणपणे बाकीच्या पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये असते. त्यातून २,०६५ वजा केले की मूळ रकमेत फक्त ४३५ रुपये जमा होतात. तुमच्या बारा हजारांपैकी बहुतेक पैसे याच वाटेने गेले आहेत. किमान रक्कम ठरवताना बाकी उलट वाढत जाणार नाही एवढी काळजी घेण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेले आहे, आणि केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड कित्येक महिने किंवा वर्षे लांबते असा इशारा बिलावर छापावा लागतो. तुमच्या बिलावरही तो असेल.

आता उपाय. तुमच्या किंवा आईवडिलांच्या नावावर मुदत ठेव असेल तर सात टक्के मिळवणारी ठेव सांभाळून बेचाळीस टक्क्यांचे कर्ज वागवण्यात काहीही अर्थ नाही, ती मोडावी किंवा तिच्यावर कर्ज घ्यावे. ते शक्य नसेल तर साधे वैयक्तिक कर्ज काढून कार्डाची बाकी एकरकमी मिटवावी. अशा कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, तो कार्डाच्या व्याजावर लागतो, हा फरक फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. तिसरा मार्ग म्हणजे बँकेला सांगून पूर्ण बाकी हप्त्यांत बदलून घेणे. त्याचा दर कमी असतो, पण तेथे व्याजावर कर आणि वर प्रक्रिया शुल्क लागते, म्हणून तो शेवटचा ठेवावा. तुमच्या कार्यालयाची कर्मचारी पतसंस्था आहे का, तेही पाहा.

बाकी मिटेपर्यंत ते कार्ड घरातल्या कपाटात ठेवा. या काळात त्याच्यावर शंभर रुपयांचे पेट्रोल भरले तरी त्याला बिनव्याजी दिवस मिळणार नाहीत.

---

पाणवठा | १९ ऑगस्ट

चर्चा योग्य दिशेने चालली आहे, म्हणून दुकानाच्या बाजूने थोडे लिहितो. मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात अकरा वर्षे बिलिंगच्या खिडकीवर काम केले आहे. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ हा शब्द उच्चारताच गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी रोज पाहिला आहे, आणि त्या वेळी सगळे समजावून सांगायला मला वेळ नसे याचे आज वाईट वाटते.

३६,००० रुपयांचा फोन सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यांवर घेतला तर दरमहा ६,००० रुपये जातात आणि बेरीज ३६,००० च होते. यात व्याज नाही असे वाटते, परंतु ते असते. पंधरा टक्के दराने हिशेब केला तर बँक प्रत्यक्षात ३४,४७६ रुपयांचे कर्ज देते आणि त्यावर १,५२४ रुपये व्याज घेते. तेवढे १,५२४ रुपये कंपनी किंवा दुकानदार किमतीतून सूट म्हणून सोडतो, म्हणून दोन्ही बाजू जुळतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७४ रुपये, गिऱ्हाइकाच्या बिलात हप्त्याहप्त्याने येतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असेल तर करासह ते २३५ होते. एकूण ५०९ रुपये ‘विनाखर्च’ योजनेचा खर्च झाला.

पाचशे रुपये देऊन सहा महिन्यांची सवड मिळत असेल तर एखाद्याला तो सौदा चांगलाही वाटेल, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. पुष्कळदा तोच फोन एकरकमी पैसे देणाऱ्याला हजार-दोन हजार कमी किमतीत मिळत असतो आणि हप्त्यांवर घेणाऱ्याला ती सूट नसते. म्हणून काउंटरवर प्रश्न एकच विचारावा: आत्ता सगळे पैसे दिले तर शेवटची किंमत किती? त्या आकड्यात आणि हप्त्यांच्या बेरजेत जो फरक निघेल तेच खरे व्याज.

आणखी तीन गोष्टी अनुभवातून सांगतो. वस्तू परत केली तर हप्ता आपोआप रद्द होईलच असे धरून चालू नये, बँकेला फोन करून तो बंद झाल्याची खात्री करावी, आणि भरलेले प्रक्रिया शुल्क व कर सहसा परत येत नाहीत हे लक्षात ठेवावे. हप्ते मुदतीआधी मिटवायचे झाले तर बहुतेक बँका वेगळे शुल्क घेतात. आणि फोनची रक्कम कार्डाच्या लिमिटमधून अडकून राहते, हप्ता भरेल तसतशी मोकळी होते. ५०,००० चे लिमिट असलेल्या माणसाने ३६,००० चा फोन घेतल्यावर दवाखान्याच्या प्रसंगी कार्ड चालले नाही, असे आमच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत घडलेले मला माहीत आहे.

---

रोजमेळ | १९ ऑगस्ट

पाणवठा, उत्तम प्रतिसाद. यात भर घालतो की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. २०२२ च्या निर्देशांत तर मुद्दल, व्याज आणि सूट हे तिन्ही आकडे हप्त्यांत रूपांतर करण्याआधी ग्राहकाला वेगवेगळे दाखवण्याचे आणि व्याज असलेली योजना बिनव्याजी म्हणून न खपवण्याचे बंधन आहे. तेव्हा फोनच्या पडद्यावर ‘पुढे जा’ दाबण्याआधी हे तीन आकडे शोधावेत.

एक सूक्ष्म मुद्दाही आहे. चालू महिन्याचा हप्ता हा त्या महिन्याच्या एकूण बिलाचा भाग असतो. काही जण हप्ता तेवढा भरतात आणि किराणा, पेट्रोल वगैरे बाकी ठेवतात. तसे केले की पूर्ण बिल न भरल्याचाच नियम लागू होतो आणि किराण्यावर ४२ टक्के चालू होतात.

---

खडीसाखर | २० ऑगस्ट

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझे मत स्पष्ट आहे आणि ते मी आदरपूर्वक मांडते. जी सोय समजून घेण्यासाठी एवढा मोठा धागा लागतो ती सोय सामान्य घरात आणूच नये. आमच्या घरी वाण्याकडे वही असे. पहिल्या आठवड्यात वडील ती पूर्ण मिटवत, आणि एखाद्या महिन्यात जमले नाही तर वाणी स्वतःहून विचारत असे की घरी सगळे ठीक आहे ना. त्या उधारीला व्याज नव्हते आणि तिच्यामागे माणूस होता. यूपीआय आणि डेबिट कार्ड असताना उधारीवर जगण्याची सवय मुलांना का लावायची?

---

रोजमेळ | २० ऑगस्ट

खडीसाखर, तुमच्या मताचा मी आदर करतो आणि निम्म्याहून अधिक ते मला पटतेही. ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो त्याने कार्ड घेऊ नये, असेच मी भाच्याला सांगितले आहे. परंतु कार्डाचे दोन उपयोग खरे आहेत. कोणी फसवणूक करून डेबिट कार्डातून पैसे काढले तर ते आपल्या खात्यातून गेलेले असतात आणि परत येईपर्यंत घर चालवायचे असते. क्रेडिट कार्डावर तोच प्रकार झाला तर पैसे बँकेचे अडकतात, आणि फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर तक्रार निकाली निघेपर्यंत शुल्क आकारता येत नाही. दुसरा उपयोग म्हणजे पुढे घरासाठी कर्ज घेताना परतफेडीची चांगली नोंद हाताशी असते.

वाण्याच्या वहीची तुमची आठवण मात्र मी उलट बाजूने वापरेन. वडील ती वही पूर्ण मिटवत असत, हेच त्यातले सार आहे. कार्ड त्याच शिस्तीने वापरले तर ते बिनव्याजी राहते. फरक एवढाच की येथे समोर घरची विचारपूस करणारा माणूस नाही, मोजणी करणारी यंत्रणा आहे, आणि ती सात रुपयांचीही बाकी सोडत नाही.

---

बांधावरून | २१ ऑगस्ट

मी अमरावती जिल्ह्यात शेती करतो. पगारदारांच्या चर्चेत शेतकऱ्याने काय बोलावे असे वाटले होते, पण विषय बिनव्याजी उधारीचा आहे आणि ती आम्हीही वापरतो. आमच्याकडे डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शून्य टक्क्यांनी पडते. मुदत चुकली की सवलत गेली आणि पूर्ण व्याज लागले. म्हणजे अट तुमच्या कार्डासारखीच आहे, केवळ तारीख वर्षातून एकदा येते आणि ती पिकाच्या हंगामाला धरून असते.

यावरून माझा अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मला एका बँकेने घरी येऊन, कायमचे मोफत म्हणून, क्रेडिट कार्ड दिले. माझे उत्पन्न कापूस आणि तूर विकल्यावर येते, म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला येते. खत आणि औषधे मी जुलैत कार्डावर घेतली आणि कापूस नोव्हेंबरात विकला. मधल्या चार महिन्यांत व्याज आणि विलंब शुल्क मिळून जे गेले त्यात आणखी दोन पोती खत आले असते. कार्ड वाईट नव्हते, माझ्या उत्पन्नाच्या चालीशी ते जुळत नव्हते. ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे, मग तो आंबा बागायतदार असो, मंडप-केटरिंगवाला असो की कीर्तनकार असो, त्यांनी पैसे हातात असतील तेवढेच कार्डावर खर्च करावे, नाहीतर ते घेऊ नये.

त्याच कार्डावर मी एकदा एटीएममधून पाच हजार रोखही काढले होते. रोख रकमेला बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नसते, काढल्याक्षणापासून व्याज लागते आणि वर रोख काढण्याचे शुल्क वेगळे, हे मला बिल आल्यावर कळले.

---

लांबचा प्रवासी | २२ ऑगस्ट

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. येथे खरोखरच दीर्घ मुदतीची बिनव्याजी कार्डे मिळतात आणि भारतातले नातेवाईक ती ऐकून नेहमी गोंधळतात, म्हणून लिहितो. येथे शून्य टक्क्यांचे कार्ड साधारण दोन प्रकारचे असते. एकावर नव्या खरेदीला ठरावीक महिने व्याज नसते, दुसऱ्यावर इतर कार्डाची जुनी बाकी आणून ठेवता येते आणि त्या बाकीला ठरावीक महिने व्याज नसते. दुसऱ्या प्रकारात बाकी हलवताना बहुधा काही टक्के शुल्क सुरुवातीलाच घेतात. या कार्डांवर पूर्ण बिल भरण्याची सक्ती नाही, किमान रक्कम भरली तरी मुदत टिकते, आणि भारतातल्या कार्डापेक्षा हाच मोठा फरक आहे.

सापळे मात्र ओळखीचे आहेत. एखाद्या महिन्याची किमान रक्कम चुकली तर बँक शून्य टक्क्यांची सवलतच काढून घेऊ शकते. मुदत संपली की उरलेल्या बाकीवर वीस टक्क्यांहून अधिक दर लागू होतो. बाकी हलवण्याच्या कार्डावर नवी खरेदी केली तर ती शून्य टक्क्यांत बसेलच असे नाही. मी स्वतः एकदा मुदत संपण्याचा महिना मोजण्यात चुकलो होतो, कारण ती कार्ड हातात आल्यापासून नव्हे तर खाते उघडल्यापासून मोजतात. तेव्हापासून एकूण बाकी भागिले महिने, असा आकडा काढून तेवढी रक्कम दर महिन्याला खात्यातून थेट वळती होईल अशी सूचना मी बँकेला पहिल्याच दिवशी देऊन ठेवतो.

भारतात सुट्टीवर आलो की इकडचे चित्र मनात ठेवून ‘किमान रक्कम भरली तरी चालते’ असा सल्ला मी भावाला दिला होता. तो सल्ला चुकीचा होता हे या धाग्यामुळे कळले, आणि आजच त्याला फोन केला.

---

रोजमेळ | २३ ऑगस्ट

लांबचा प्रवासी, आपण भावाला फोन केलात याचे फार समाधान वाटले.

व्यक्तिगत संदेशांतून जे प्रश्न आले त्यांची उत्तरे येथेच देतो. पूर्ण बिल आपोआप भरले जाण्यासाठी ऑटो-पे लावताना ‘टोटल ड्यू’ की ‘मिनिमम ड्यू’ असा पर्याय विचारला जातो. घाईत दुसरा निवडला गेला की मोहर यांच्यासारखी स्थिती न कळत तयार होते, म्हणून तो आज पुन्हा उघडून पाहावा. पगार सात तारखेला आणि बिलाची शेवटची तारीख चारला, अशी अडचण असेल तर बिलाचे चक्र बदलून मागता येते. निदान एकदा तरी ते बदलून देणे कार्ड देणाऱ्यांना बंधनकारक आहे. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

तारीख एखाद्या दिवसाने चुकलीच तर घाबरून जाऊ नये. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ गेल्यावरच विलंब शुल्क लावता येते आणि पतसंस्थांना थकबाकी कळवता येते. येथे पतसंस्था म्हणजे सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या, सहकारी पतसंस्था नव्हे. तीन दिवसांची ही सवड विलंब शुल्कापुरती आणि नोंदीपुरती आहे. व्याजाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नये. या कंपन्यांकडून आपला अहवाल प्रत्येकी वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो मागवून पाहावा.

दर फार आहे, न्यायालय काही करत नाही का, असेही एकाने विचारले आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये थकीत बाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्यामुळे दरावर आज तशी मर्यादा नाही, आणि आपले संरक्षण आपल्यालाच करायचे आहे.

कार्ड बंद करायचे असेल आणि बाकी काही नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देण्याची तरतूद आहे. अर्ज ईमेलने करावा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

---

मोहर | १६ सप्टेंबर

सर्वांना कळवते की माझ्या कार्यालयाच्या कर्मचारी पतसंस्थेने अकरा टक्क्यांनी कर्ज दिले. २ सप्टेंबरला मी कार्डाची ४७,५०० ची बाकी एका फटक्यात मिटवली. त्या रात्री किती तरी महिन्यांनी शांत झोप लागली. बिलाची तारीखही बदलून मागितली आहे.

मात्र काल १५ सप्टेंबरचे बिल आले आणि त्यात पुन्हा १,१६१ रुपये दिसत आहेत. मी पूर्ण रक्कम तारखेच्या आत भरली होती, एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही. आता हे कशाचे? बँकेकडे तक्रार करू का?

---

रोजमेळ | १६ सप्टेंबर

मोहर, मनापासून अभिनंदन. तक्रार करू नका, ही रक्कम बरोबर आहे. १५ ऑगस्टच्या बिलात त्या दिवसापर्यंतचेच व्याज धरलेले होते. तुम्ही पैसे २ सप्टेंबरला भरले. मधल्या १८ दिवसांत ४७,५०० रुपये बाकी होते, आणि त्याआधीची बिले पूर्ण भरलेली नसल्यामुळे त्या दिवसांना बिनव्याजी सवलत नव्हती. त्याचे व्याज ९८४ रुपये आणि जीएसटी १७७ रुपये, मिळून १,१६१ होतात. जुनी बाकी मिटवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे शेपूट एकदा दिसते. अनेक जण ‘मी तर सगळे भरले’ म्हणून ते तसेच सोडून देतात आणि मग त्या हजारावर विलंब शुल्क लागते.

हे १,१६१ रुपये ५ ऑक्टोबरची वाट न पाहता आजच भरा, आणि १५ ऑक्टोबरचे बिल उघडून पाहा. त्यात या एक-दोन दिवसांचे दोन-तीन रुपये आलेच तर तेही भरा. बिलात शून्य दिसेपर्यंत कार्ड कपाटातच राहू द्या. त्यानंतर वापरायचे ठरवलेत तर पहिल्या खरेदीपासून बिनव्याजी दिवस पुन्हा सुरू झाले आहेत का, हे आधी बँकेला लेखी विचारून घ्या, कारण काही बँका सलग दोन बिले पूर्ण भरल्यावरच ती सवलत परत देतात.